पत्त्याच्या पानाएवढा पपायरस आणि १२५ चा आकडा

पत्त्यांच्या कॅटमधलं एक पान काढून समोर ठेवा. उंची साधारण नऊ सेंटीमीटर, रुंदी सहा. आता ते पान तपकिरी पडलंय, कडा कुरतडल्यासारख्या झाल्यात, खाली खाली ते निमुळतं होत गेलंय आणि त्याच्या दोन्ही अंगांवर काळ्या शाईत ग्रीक अक्षरांच्या सात-सात अर्धवट ओळी आहेत, असं समजा. मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात काचेआड ठेवलेला पपायरसचा प्रसिद्ध तुकडा एवढाच आहे. अभ्यासक त्याला 'पी ५२' म्हणतात. 'पी' म्हणजे पपायरस, वनस्पतीच्या पट्ट्यांपासून केलेला प्राचीन कागद, आणि ५२ हा बायबलमधल्या नव्या कराराच्या पपायरसांच्या यादीतला त्याचा क्रमांक. क्रमांक नोंदीचा आहे, जुनेपणाचा नाही.

हा नव्या कराराचा आज हाती असलेला सर्वात जुना तुकडा, असं अनेक ठिकाणी छापलेलं असतं आणि शेजारी कंसात वर्ष असतं: इ.स. १२५. तुकड्यावर मात्र कुठलंही वर्ष लिहिलेलं नाही. लिहिणाऱ्याचं नाव नाही, गावाचं नाव नाही. मग १२५ आलं कुठून? मला या तुकड्याच्या गोष्टीत सगळ्यात जास्त रस याच प्रश्नात वाटतो, पण त्याआधी तुकड्यावर आहे काय ते पाहू.

ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या नव्या करारात येशूच्या आयुष्याची चार कथनं आहेत: मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावांची. त्यांना शुभवर्तमानं म्हणतात. चौघांपैकी कोणाच्याही हातची मूळ प्रत आज अस्तित्वात नाही. आहेत त्या नकला, आणि नकलांच्या नकला. आपल्याला हे नवं नाही. ज्ञानेश्वरीचीही पहिली प्रत कुठे उरलेली नाही. नकलता नकलता पाठ बिघडले म्हणून एकनाथांना शके १५०६ मध्ये बसून ती शुद्ध करावी लागली. हाताने उतरवलेल्या ग्रंथाचं हे असंच असतं. म्हणून मूळ लेखनाच्या जितकी जवळची नक्कल मिळेल तितकी हवी असते.

पी ५२ वर योहानाच्या अठराव्या अध्यायातला थोडासा मजकूर आहे. प्रसंग येशूच्या खटल्याचा. यहूदी पुढाऱ्यांनी येशूला पकडून रोमन सुभेदार पिलाताकडे आणलंय. पुढच्या बाजूला ३१ ते ३३ या ओव्यांचा भाग येतो. (ओव्या म्हणजे खरं तर वचनं, सवयीने लिहिलं गेलं.) त्याचा मतलब असा: यहूदी म्हणतात, कोणाला ठार मारण्याचा अधिकार आम्हांला नाही, आपल्याला कसं मरण येणार हे सुचवून येशू जे बोलला होता ते यातून खरं व्हायचं होतं, मग पिलात पुन्हा सरकारवाड्यात गेला, येशूला बोलावून म्हणाला, तू यहूद्यांचा राजा आहेस काय?

'सरकारवाडा' हा मराठी बायबलमधला शब्द मला फार आवडतो. मूळ ग्रीक शब्द 'प्रायतोरिऑन', म्हणजे रोमन अधिकाऱ्याचं ठाणं. मराठी भाषांतर करणाऱ्यांनी तो थेट आपल्या गावात आणून बसवला. पपायरसवर या शब्दाचं फक्त शेपूट उरलंय, '-रिऑन'. सरकार फाटून गेलं आणि वाडा राहिला, असं म्हणा हवं तर. त्याच्या पुढे पिलाताच्या नावातलं पहिलं अक्षर दिसतं आणि तिथेच कागद संपतो.

मागच्या बाजूला ३७ आणि ३८ ही वचनं. येशू म्हणतो, सत्याची साक्ष द्यायला मी जन्मलो. जो सत्याचा आहे तो माझा आवाज ऐकतो. त्यावर पिलाताचा तो जगप्रसिद्ध प्रश्न येतो: 'सत्य म्हणजे काय?' पी ५२ वर पिलाताचा हा प्रश्न आहे, असं कौतुकाने सांगितलं जातं. प्रत्यक्षात तो तिथे नाही. मागच्या बाजूला ओळींची फक्त शेवटची टोकं उरली आहेत. 'सत्याचा' हा शब्द दिसतो, 'त्याला म्हणतो' दिसतं, आणि त्याखालच्या ओळीत उरलंय ते 'आणि हे', म्हणजे 'आणि हे बोलून तो पुन्हा बाहेर गेला' यातला आरंभ. प्रश्न स्वतः फाटलेल्या भागात गेला. तो तिथे होता हे नक्की, कारण ओळीत बरोबर तेवढीच जागा रिकामी आहे.

रिकामी जागा मोजता येते, हेच या कामाचं खरं इंगित. दोन्ही बाजू मिळून तुकड्यावर शंभर-सव्वाशे अक्षरं उरली आहेत. एवढ्यावरून कळलं कसं की हे योहानच आहे? कारण मजकूर आधीपासून ठाऊक होता. 'कोणालाही', 'म्हणून', 'सुचवून' आणि 'मरण' या शब्दाचा शेवट, हे एकाखाली एक ठरावीक अंतरावर येतात अशी जागा ओळखीच्या ग्रंथात शोधायची. सापडली की ओळीत मधली अक्षरं भरायची. दर ओळीत साधारण तीसेक अक्षरं बसतात असं दिसतं. पुढे गणित सोपं आहे. पुढच्या बाजूची सातवी ओळ जिथे संपते आणि मागच्या बाजूची पहिली ओळ जिथे सुरू होते, त्यांच्यामधला मजकूर किती ओळींचा? अकरा. म्हणजे पानावर सात अधिक अकरा, अशा अठरा ओळी होत्या. त्यावरून पानाचा आकार निघतो, साधारण २१ बाय २० सेंटीमीटर, जवळजवळ चौकोनी. आणि या हिशेबाने योहानाचं अख्खं शुभवर्तमान लिहायला सुमारे १३० पानं लागली असती.

मी 'पानं' म्हणतोय, ते मुद्दाम. त्या काळात ग्रंथ म्हणजे बहुधा गुंडाळी. पपायरसचा लांब पट्टा, आतल्या बाजूला लिहिलेला, वाचताना एका हाताने उलगडायचा आणि दुसऱ्या हाताने गुंडाळत जायचा. गुंडाळीला मजकूर एकाच अंगावर असतो. पी ५२ वर मात्र पुढचा मजकूर उलटून मागे चालू राहतो. शिवाय पुढच्या बाजूला ओळींची सुरुवात उरली आहे आणि मागच्या बाजूला शेवट. दोन्हीकडे कोरी कड एकच, पानाच्या शिवणीकडची. म्हणजे ही गुंडाळी नव्हती, शिवलेली वही होती, आपण ज्याला पुस्तक म्हणतो तसं. ख्रिस्ती लोकांनी हा वहीचा प्रकार फार लवकर आपलासा केला. इतर ग्रीक वाङ्मय बराच काळ गुंडाळ्यांतच राहिलं. असं का झालं यावर अभ्यासकांची भरपूर मतं आहेत, त्यात आत्ता शिरत नाही.

पपायरस ही नाईलच्या दलदलीत वाढणारी लव्हाळ्याच्या कुळातली वनस्पती. तिच्या दांड्याच्या आतल्या गाभ्याच्या पातळ पट्ट्या काढायच्या, एक थर उभा आणि त्यावर एक आडवा घालायचा, दाबायच्या आणि वाळवायच्या. चिकटायला तिचाच रस पुरतो. दमट हवेत हे पान कुजतं. इजिप्तच्या कोरड्या वाळूत मात्र दोन हजार वर्षं टिकतं, म्हणून असे बहुतेक तुकडे तिथलेच.

बर्नार्ड ग्रेनफेल आणि आर्थर हंट या ऑक्सफर्डच्या दोन मित्रांनी १८९६-९७ च्या हिवाळ्यात ऑक्सिरिंखस या प्राचीन गावाचे, म्हणजे आजच्या बहनासाचे, उकिरडे खणायला घेतले. उकिरडेच, देवळं-थडगी नाहीत. गावाने शतकानुशतकं टाकलेल्या कागदी कचऱ्यात पावत्या, करारमदार, घरगुती पत्रं आणि मधूनच होमरच्या काव्याची किंवा शुभवर्तमानाची फाटकी पानं निघत. पी ५२ मात्र त्यांनी खणून काढलेला नाही. ग्रेनफेलने १९२० मध्ये इजिप्तच्या बाजारात व्यापाऱ्याकडून पपायरसांचा एक गठ्ठा रायलंड्स ग्रंथालयासाठी विकत घेतला, त्यात तो आला. म्हणजे कुठल्या जागी, कुठल्या थरात, कशाच्या सोबत सापडला, ही माहिती कायमची हुकली. विकत घेतलेल्या तुकड्यांचा हा मोठाच तोटा असतो.

ग्रंथालय ज्यांच्या नावाने उभं आहे ते जॉन रायलंड्स मँचेस्टरचे कापडगिरणीवाले. त्यांच्या मागे पत्नी एन्रिकेटा यांनी हे गॉथिक धाटणीचं ग्रंथालय बांधलं आणि १९०० मध्ये लोकांसाठी उघडलं. लँकेशायरच्या गिरण्यांना मुंबई बंदरातून कापूस जात असे, विशेषतः अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या वर्षांत तर प्रचंड. तेव्हा त्या वैभवात आपल्याकडच्या शेतकऱ्याचा घामही थोडा मुरला असणार.

गठ्ठा आला आणि पडून राहिला. ग्रेनफेल १९२६ मध्ये गेले, हंट १९३४ मध्ये. यादी करायचं काम कॉलिन रॉबर्ट्स या पंचविशीच्या तरुणाकडे आलं. पेटीतले बारीकसारीक तुकडे चाळताना त्याला हा दिसला, मजकूर ओळखू आला आणि १९३५ मध्ये त्याने छोट्याशा पुस्तिकेत तो जगासमोर ठेवला.

आता तारखेकडे. तारीख नसलेल्या लेखनाचं वय ठरवायचं मुख्य साधन म्हणजे अक्षराचं वळण. मोडी वाचणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. शिवकालीन मोडी आणि पेशवेकालीन मोडी शेजारी ठेवली की जाणकार कागदावरची तारीख झाकूनही सांगतो, हा कागद आधीचा, तो नंतरचा. ग्रीक लिपीचंही तसंच. अक्षरं गोलाकार की टोकदार, जोडून की सुटी, टोकाला हुकासारखे बाक काढलेत का, 'इ' च्या डोक्यावर दोन टिंबं दिली आहेत का, असं बारकाईने पाहायचं आणि मग तारीख असलेल्या कागदांशी ताडायचं.

मेख अशी की तारीख असते ती कशावर? अर्जांवर, करारांवर, कराच्या पावत्यांवर, कधी पत्रांवर. अमुक सम्राटाच्या राज्याचं अमुक वर्ष, असं त्यात लिहिलेलं असतं. ग्रंथांच्या प्रतींवर जवळजवळ कधीच नसतं. म्हणजे शुभवर्तमानाचं वय काढायला तुम्हांला कोणाच्या तरी व्यवहाराच्या कागदाला शरण जावं लागतं. रॉबर्ट्सने ज्यांच्याशी तुलना केली त्यात एक होतं फय्यूम भागातलं इ.स. ९४ चं पत्र. लिहिणारा रोमन सैन्यातून निवृत्त झालेला जमीनदार, लुसियस बेलिएनस गेमेलस. आपल्या कारभाऱ्याला तो फर्मावतो की तिथलं खत बाहेर काढायला लाव, तेलाच्या घाण्याभोवती बाहेरून खोल खणून घे. ख्रिस्ती जगातल्या एका मौल्यवान तुकड्याच्या वयाचा एक आधार खत आणि घाण्याबद्दलच्या या दटावणीवर आहे. मला यात थट्टेसारखं काही वाटत नाही. तारीख घालणारा माणूस व्यवहारीच असायचा.

रॉबर्ट्सने त्या काळातल्या मोठ्या जाणकारांना विचारलं. लंडनचे फ्रेडरिक केन्यन आणि हॅरल्ड बेल, बर्लिनचे विल्हेल्म शुबार्ट. सगळ्यांचा कौल साधारण एकाच दिशेने पडला आणि रॉबर्ट्सने निष्कर्ष मांडला: दुसऱ्या शतकाचा पूर्वार्ध. म्हणजे १०० ते १५०. त्याचा बरोबर मध्य काढला की १२५. पट्टा पन्नास वर्षांचा होता, लोकांच्या तोंडी राहिलं ते मधलं एक वर्ष. पुढे पुस्तकांतून 'सुमारे' हा शब्दही गळून पडला.

या आकड्याला इतकी मागणी का आली तेही समजण्यासारखं आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या ट्यूबिंगनच्या फेर्डिनांड बाऊर यांनी म्हटलं होतं की योहानाचं शुभवर्तमान दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात, येशूनंतर सव्वाशेहून जास्त वर्षांनी लिहिलं गेलं असावं. परंपरा ते लेखन आजच्या तुर्कस्तानातल्या इफिसला झालं असं मानते. मग १२५ च्या सुमाराला त्याची नक्कल दूर इजिप्तमध्ये फिरत असेल, तर बाऊर यांचं गणित कोसळतं. त्यांच्या मताला तोवर ओहोटी लागलीच होती. पण हातात धरून दाखवता येईल असा पुरावा मिळाला तर कोणाला नको असतो?

रॉबर्ट्सच्या तुलनेतला आणखी एक महत्त्वाचा खांब होता 'एगर्टन शुभवर्तमान' नावाचा पपायरस. बायबलमध्ये नसलेलं, येशूच्या गोष्टी सांगणारं हे लेखन बेल आणि स्कीट यांनी त्याच वर्षी, १९३५ मध्येच, प्रसिद्ध केलं आणि त्याला दुसऱ्या शतकाच्या मध्यात बसवलं. अक्षर पी ५२ शी मिळतंजुळतं. पण एगर्टनवरही तारीख नव्हती. एका बिनतारखेच्या कागदाचा दुसऱ्या बिनतारखेच्या कागदाला टेकू दिल्यासारखं ते झालं. १९८७ मध्ये जर्मनीतल्या कोलोन इथे असलेला एक छोटा तुकडा याच एगर्टन पानाचा खालचा भाग आहे असं लक्षात आलं. त्या तुकड्यावर दोन व्यंजनांच्या मध्ये एक बारीक, अपॉस्ट्रॉफीसारखी खूण होती. अशी खूण इसवी सन २०० च्या आसपास आणि त्यानंतर जास्त दिसू लागते. त्यामुळे बरेच जण एगर्टनला २०० च्या जवळ नेऊ लागले. टेकूच सरकला म्हटल्यावर त्यावर टेकलेल्याकडे पुन्हा बघणं आलंच.

२००५ मध्ये ब्रेंट नाँगब्री या अभ्यासकाने ते केलं. त्याने तारीख असलेल्या कागदांच्या छायाचित्रांशी पी ५२ चं एकेक अक्षर ताडून दाखवलं आणि म्हटलं की सारखी अक्षरं दुसऱ्या शतकाच्या अखेरीच्या आणि तिसऱ्याच्या सुरुवातीच्या कागदांतही मिळतात. तेव्हा तो काळही शक्यतेत धरावाच लागेल. 'पी ५२ उशिराचाच आहे' असं तो म्हणत नाही. पट्टा रुंद आहे, एवढंच त्याचं म्हणणं. याउलट पास्क्वाले ओर्सिनी आणि विली क्लारिस यांनी २०१२ मध्ये १२५ ते १७५ असा अंदाज दिला. वाद संपलेला नाही.

पट्टा अरुंद का करता येत नाही, हे घरातही पाहता येईल. आजोबांच्या जुन्या हिशेबाच्या वह्या असतील तर काढा. विसाव्या वर्षी त्यांच्या हाताला जे वळण लागलं तेच सत्तराव्या वर्षीही असतं. शेजारी त्यांच्या नातवाने नव्या वळणात लिहिलेलं असतं, दोघंही एकाच वर्षी, एकाच घरात. वर्ष न बघता फक्त अक्षर पाहून सांगणारा पन्नास वर्षं इकडेतिकडे चुकला तर त्याचा दोष नाही. अशा वेळी 'सुमारे १२५' यापेक्षा 'दुसरं शतक, कदाचित तिसऱ्याचा आरंभ' हे उत्तर कमी चमकदार पण जास्त प्रामाणिक आहे, असं माझं मत.

कार्बन चाचणी करून टाका ना, असं कोणीतरी विचारतंच. त्यासाठी तुकड्याचा थोडा भाग जाळून संपवावा लागतो, आणि इथे मुळात आहे काय, पत्त्याचं एक पान. वर उत्तर पुन्हा अनेक दशकांच्या पट्ट्यातच येणार, तेही वनस्पती कधी कापली गेली याचं, लिहिलं कधी याचं नाही.

तारीख बाजूला ठेवली तर मजकूर काय सांगतो? फारच थोडं वेगळं, आणि तीच गंमत आहे. ज्या काळात ग्रेनफेल हा गठ्ठा विकत घेत होता त्याच काळात केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणत होत्या. १९२२ मध्ये त्या गेल्या, तेव्हा पी ५२ अजून पेटीत अनामिक पडून होता. त्या काळचे छापील ग्रीक पाठ मुख्यतः चौथ्या शतकातल्या आणि त्यानंतरच्या हस्तलिखितांवर उभे होते. हा तुकडा रमाबाईंच्या हाती पडला असता, तर या वचनांत त्यांना काही बदलावं लागलं असतं का? जवळजवळ नाहीच. ऱ्हस्व-दीर्घासारख्या एकदोन लेखनाच्या तऱ्हा वेगळ्या आहेत. आणि 'मी यासाठी जन्मलो आणि यासाठी जगात आलो' यातला दुसरा 'यासाठी' लिहिणाऱ्याने बहुधा गाळला, कारण तो घातला तर ओळ फार लांब होते. एकसारखे दोन शब्द जवळ आले की नकलणाऱ्याची नजर घसरते. वहीत शुद्धलेखन उतरवलेल्या प्रत्येकाचं हे झालेलं आहे.

आणखी एक गाठ सुटत नाही. जुन्या ख्रिस्ती प्रतींत येशूचं नाव पूर्ण न लिहिता दोन-तीन अक्षरांत लिहून वर आडवी रेघ देत. पत्रात 'राजमान्य राजश्री' चं 'रा. रा.' होतं तसं, पण आदराने. पी ५२ मध्ये ही पद्धत होती का? येशूचं नाव येतं त्या सगळ्या जागा नेमक्या फाटल्या आहेत. कोणी अक्षरं मोजून म्हणतं पूर्ण नाव होतं, कोणी म्हणतं संक्षेप. दोन-तीन अक्षरांच्या फरकावर विद्वानांनी लेखच्या लेख लिहिले आहेत.

या तुकड्याने येशूचा खटला असाच झाला हे सिद्ध होत नाही. योहान कोण होता तेही कळत नाही. त्याचं नावही यावर नाही. इजिप्तमध्ये कोणाकडे तरी हे शुभवर्तमान वहीच्या रूपात होतं आणि त्याचा मजकूर आजच्यासारखाच होता, एवढं कळतं. तारीख उशिराची निघाली म्हणून शुभवर्तमान उशिराचं ठरत नाही. १८० च्या सुमाराला लिऑनचा बिशप इरेनियस योहानाचं नाव घेऊन त्यातली वचनं देतो, तो पुरावा वेगळाच आहे.

लवकरची तारीख मिळावी ही ओढ मात्र जात नाही. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका जाहीर वादविवादात सांगितलं गेलं की मार्कच्या शुभवर्तमानाचा पहिल्या शतकातला तुकडा सापडलाय, लवकरच प्रसिद्ध होईल. सहा वर्षं त्याची चर्चा चालली. २०१८ मध्ये तुकडा छापून आला तेव्हा तो ऑक्सिरिंखसचाच निघाला, ग्रेनफेल-हंट यांनी बहुधा १९०३ मध्ये खणलेला आणि शंभराहून जास्त वर्षं संग्रहात पडलेला. संपादकांनी दिलेला काळ होता दुसऱ्या शतकाची अखेर किंवा तिसऱ्याची सुरुवात. त्या उकिरड्यांतला माल ऑक्सफर्डच्या पेट्यांत अजून भरपूर न वाचलेला आहे. त्यात बहुतेक पावत्या, अर्ज आणि खतापाण्याची पत्रं असणार. पण त्यांतल्या काहींवर तारखा असतील.